रिकाम्या जागी भरलेले आकडे

कोडच्या पोटात आकडे पुरून ठेवणाऱ्या माणसांची मला किळस येते. त्या माणसांत मी स्वतःही आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं वाचताना कुणी मला साळसूद समजायचं.

गारखेड्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तीन खोल्या, सहा माणसं. वाळूजच्या कारखान्यांसाठी आम्ही मोजणीचे प्रोग्रॅम लिहायचो. मशीनवरून उतरलेली वस्तू टेबलावरच्या सांगाड्यात ठेवायची, तिला दोन बाजूंनी दोन बारीक टोकं टेकायची, जाडी कंप्युटरला कळायची आणि पडदा हिरवा व्हायचा नाहीतर लाल. हिरवा म्हणजे माल पुढं, लाल म्हणजे माल बाजूला. काम एवढंच. पण ती वस्तू दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणारी पिन असेल, तर एवढ्याशा कामावर कुणाचे तरी हातपाय अवलंबून असतात.

कुठली वस्तू मोजायची, तिची जाडी किती, किती कमीजास्त चालेल, छापून येणाऱ्या पावतीवर गाव कुठलं, याला आम्ही सेटिंग म्हणतो. ही सेटिंग प्रोग्रॅमच्या आत लिहायची नसतात. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि प्रोग्रॅमने सुरू होताना ती फाइल वाचायची, हे शहाण्या माणसांचं काम. शिंपी गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहून ठेवतो, शिलाई मशीनवर कोरत नाही. आमच्या ऑफिसात मशीनवर कोरायचे.

मालकांना आम्ही सर म्हणायचो. नवीन गिऱ्हाईक आलं की सर जुन्या गिऱ्हाइकाचं अख्खं फोल्डर उचलायचे, त्याची कॉपी करायचे, त्याला गावाचं नाव द्यायचे आणि आतले आकडे हाताने बदलायला सांगायचे. सिल्लोड, जालना, औरंगाबाद. प्रत्येकाच्या पोटात पुन्हा फायनल, फायनल नवीन, फायनल नवीन हेच घेणे. एका ठिकाणी चूक सापडली की तीच अकरा ठिकाणी जाऊन दुरुस्त करायची आणि बारावं फोल्डर विसरायचं. मी पहिल्यांदा ते सगळं उघडून पाहिलं तेव्हा कुणाच्या तरी फ्रिजमध्ये मागं राहिलेल्या वाटीचं झाकण काढल्यासारखं झालं. पण नोकरी नवी होती, नाक दाबून कामाला लागले.

सहा-सात वर्षं भांडल्यावर वाळूजच्या एका कारखान्यासाठी मी वेगळी फाइल करून घेतली. सरांना ते पटलेलं नव्हतं. ‘फाइल हरवते गं, कोड हरवत नाही,’ असं त्यांचं म्हणणं. आणि नेमकं तेच झालं. कारखान्यात प्रोग्रॅम दाखवायला गेलो, पेन ड्राइव्हवर मी फाइल टाकायला विसरले होते, आणि सगळ्या साहेबांसमोर पडद्यावर इंग्रजीत लांबलचक एरर आला. सरांचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर ते गाडीत म्हणाले, ‘गिऱ्हाइकाला एरर दाखवायचा नसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. फाइल नाही सापडली तर कायतरी आकडे घे आणि चालू राहा ना बाई.’

त्या संध्याकाळी मी दोन ओळी लिहिल्या. फाइल सापडली तर तिच्यातले आकडे घे. नाही सापडली तर हे घे, आणि कुणाला काही सांगू नको.

‘हे घे’ म्हणून जे आकडे टाकले, ते समोर होते म्हणून टाकले. आमचं पहिलं गिऱ्हाईक सिल्लोडकडचं, ट्रॅक्टरमागे लावायच्या औजारांचं वर्कशॉप. त्यांची पिन आणि ही ब्रेकची पिन दोन्ही बारा मिलिमीटरच्या. फरक एवढाच की औजाराची पिन केसभर जाड झाली तरी हातोड्याच्या एका ठोक्यात बसते. ब्रेकच्या पिनेला केसभर म्हणजे फार झालं. मला हे माहीत होतं. ते आकडे तिथं कधी लागणारच नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं आणि घरी गेले.

घरी माझे वडील. तेही वाळूजलाच होते, लेथवर. सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळच्या बसने येत त्यांनी तीस वर्षं काढली. त्यांची एक सवय होती. पाळी सुरू झाली की पहिलं काम मास्टर लावून बघणं. मास्टर म्हणजे मापाला ठेवलेला नमुना. दोन असतात, एक बरोबर मापाचा आणि एक मुद्दाम चुकीचा केलेला. बरोबर मास्टर पास व्हायला हवा, हे कुणीही बघतो. चुकीचा मास्टर नापास होतोय का, हे बघणारा खरा कामगार, असं वडील म्हणायचे. मी ते लहानपणापासून ऐकत आले आणि प्रोग्रॅम लिहिताना एकदाही मला ते आठवलं नाही.

त्या कारखान्यात प्रोग्रॅम बसवायला मी तीन दिवस गेले होते. मोजणीच्या टेबलावर एक ताई होत्या, चाळिशीच्या, देवगाव रंगारीकडच्या. रांजणगावात खोली घेऊन राहायच्या. आठ वर्षं ठेकेदाराकडून त्याच टेबलावर. दिवाळीपर्यंत कायम होणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव येणार, असं त्यांना साहेबांनी सांगितलं होतं आणि तीन दिवसांत त्यांनी मला ते चारदा सांगितलं. त्यांच्याकडे मखमलीच्या डबीत दोन मास्टर होते. चुकीच्या मास्टरच्या टोकाला त्यांनी लाल नेलपॉलिश लावून ठेवलेलं. रोज पाळीच्या सुरुवातीला दोन्ही लावायचे आणि एका डायरीत लिहायचं. मी म्हणाले, ‘ताई, प्रोग्रॅम आपोआप नोंद ठेवतो, तुम्ही कशाला लिहिता?’ त्या हसल्या. ‘त्याचं तो ठेवंल, मॅडम. माझं मी ठेवते.’

निघताना मी टेबलाच्या कडेला आमच्या ऑफिसच्या नंबराचा स्टिकर चिकटवला. काही अडलं तर फोन करा म्हणाले.

मग शहराचं नाव बदललं. ते कुणाला आवडलं, कुणाला नाही, हा माझ्या या सांगण्याचा विषय नाही. नाव म्हणजे काय असतं हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको. विद्यापीठाच्या नावासाठी माझ्या वडिलांनी तरुणपणी लाठ्या खाल्ल्यात. माझा संताप नावाबद्दल नाही. माझा संताप आम्ही ते ज्या हलगर्जीपणाने बदललं त्याबद्दल आहे.

कारखान्यातून निरोप आला की पावतीवर आता जुनं नाव चालणार नाही, दोन दिवसांत बदलून द्या. जुनं नाव कोडमध्ये सतरा ठिकाणी होतं. काही ठिकाणी पावतीवर छापायला, काही ठिकाणी नुसत्या टिपा म्हणून, आणि एका ठिकाणी सेटिंगची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची त्या पत्त्यात. फोल्डरांना गावांची नावं द्यायची सरांची रीत मी वर सांगितलीच. मी सतरा ठिकाणं एकेक करून वाचली नाहीत. जुनं शोध, नवीन टाक, सगळीकडे, असा एक हुकूम सोडला. एका सेकंदात सतराही बदलली.

पुढचे दोन दिवस आम्ही सहाही जण त्या पावतीवर वाकलो होतो. नवीन नाव लांब, पावतीच्या चौकटीत मावेना. ‘नगर’ खालच्या ओळीत पडायचं. अक्षर बारीक केलं तर सर म्हणायचे, नाव बारीक दिसतंय, कुणी बोट ठेवेल. मोठं केलं की तारीख बाहेर जायची. काना, मात्रा, वेलांटी सगळं चारचारदा तपासलं. शेवटी पावती सुरेख झाली. सरांनी ती मोबाइलवर सगळ्यांना पाठवली. पावतीवरचे आकडे कुठून आले, हे सहांतल्या एकानेही विचारलं नाही. मला आज त्या पावतीचा फोटो दिसला तरी अंगावर शहारा येतो, आणि तो चांगला नसतो.

आमच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर मी नव्या नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं, म्हणून इथं सगळं नीट चाललं. कारखान्यातल्या कंप्युटरवर फोल्डर जुन्याच नावाचं होतं. तिथं आम्ही ऑफिसातूनच बसवलेला नवा प्रोग्रॅम सुरू झाला, नव्या नावाचं फोल्डर शोधलं, मिळालं नाही, आणि माझ्या त्या दोन ओळींनी आपलं काम चोख केलं. कुणाला काही न सांगता औजाराच्या पिनेचे आकडे घेतले आणि प्रोग्रॅम ब्रेकच्या पिना मोजायला बसला. पडदा हिरवा. सगळा माल हिरवा.

त्या आठवड्यात पाच-सहा फोन आले. सगळे पावतीबद्दल होते, असं मी पुढं कितीतरी दिवस धरून चालले होते.

तीन आठवड्यांनी माल परत आला. पिना जाड निघाल्या, ज्यांना पाठवल्या त्यांनी जुळणी थांबवून अख्खा लॉट माघारी धाडला. कुणाला इजा झाली नाही, हे आमचं नशीब, आमची हुशारी नव्हे. कारखान्यात क्वालिटीचे साहेब होते, त्यांनी पावत्या काढल्या. प्रत्येक पावतीवर मोजणाऱ्याचा नंबर असतो. सगळ्यांवर त्या ताईंचा. त्याच दिवशी त्यांचं गेट बंद झालं. वाळूजला कामावरून काढलं असं म्हणत नाहीत, गेट बंद केलं म्हणतात. पत्र नाही, चौकशी नाही. सकाळी वॉचमन सांगतो की तुमचं कार्ड चालत नाही, आणि माणूस रस्त्यावर उभा राहतो.

आठवडाभराने कारखान्यातून आमच्याकडेही विचारणा झाली, तेव्हा सरांनी मला तपासायला सांगितलं. ऑफिसातून त्यांच्या कंप्युटरला जोडून घेतलं आणि पाच मिनिटांत मला कळलं. जुन्या नावाचं फोल्डर तिथं शहाण्यासारखं बसून होतं, आत माझी फाइल, फाइलमध्ये बरोबर आकडे. चार आठवडे तिला कुणी उघडलंच नव्हतं. मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

‘फोल्डरचं नाव बदल,’ ते म्हणाले. ‘झालं.’

मी बदललं. एवढंच करायचं होतं, एवढ्याने पडदा पुन्हा खरं बोलायला लागला. आणि आम्ही काय केलं होतं याची खूणही त्यासोबत गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बैठक होती. गाडीत सर म्हणाले, ‘आपण एवढंच सांगायचं की फाइल हललेली दिसली. कुणी हलवली ते आपल्याला माहीत नाही. यात खोटं काय आहे?’ क्वालिटीच्या साहेबांसमोर सरांनी तेच वाक्य म्हटलं, अगदी गोड आवाजात. साहेब म्हणाले, ‘त्या टेबलावर माउस एकाच बाईच्या हातात असतो.’ सर म्हणाले, ‘आम्ही कुणाचं नाव घेत नाही, सर.’ चहा आला, बिस्किटं आली. मी बिस्कीट घेतलं. हे मला सांगायला हवं, कारण मला स्वतःची सर्वांत जास्त शिसारी त्या बिस्किटासाठी येते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि मी चहात बिस्कीट बुडवत होते.

सर खाली गाडी काढायला गेले. मी गेटकडे चालत आले, तर वॉचमनच्या केबिनजवळच्या बाकावर त्या ताई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. नऊ दिवस रोज येऊन बसत होत्या, साहेबांना भेटायचं म्हणून. मला पाहून उठल्या.

‘मॅडम, तुमी आल्या बरं झालं. तुमी सांगा त्यास्नी. मी काय बी हात नाय लावला. तुमी शिकवलं तेवढंच दाबलं.’

‘बसा ताई,’ मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून डायरी काढली. ‘ह्ये दाखवायचं व्हतं सायबाला. कुणी आत सोडंना. मी सांगतलं व्हतं, मॅडम. पहिल्याच दिवशी सांगतलं. खराब मास्टर लावला तर हिरवं दाखवू राहिलं. लाल नेलपॉलिशवाला. मी दोनदा लावला, तीनदा लावला. सुपरवायझरला बोलवलं. त्ये म्हणले, कंप्युटरवाल्यांनी नवीन टाकलंय, बरोबरच आसंल, तू लाइन थांबवू नको.’

मी डायरी घेतली. निळ्या पेनाने, एकेक अक्षर सुटं. नवा प्रोग्रॅम बसला ती तारीख. बरोबर मास्टर, हिरवा. खराब मास्टर, हिरवा, आणि पुढं तीन उद्गारचिन्हं. सुपरवायझरला सांगितले. खाली आणखी एक ओळ होती. सकाळी सव्वानऊ, स्टिकरवरच्या नंबरला फोन केला. ऑफिसातल्या बाई बोलल्या. मास्टर झिजला असेल म्हणाल्या. आमच्याकडून सगळे बरोबर आहे म्हणाल्या.

आमच्या ऑफिसात बाई एकच होती.

मला तो फोन आठवला. कारखान्यातल्या प्रिंटरवर ‘नगर’ पुन्हा खाली पडत होतं, मी ते वरच्या ओळीत आणायच्या नादात होते. कारखान्यातून कुणी बाई बोलत होत्या, मागे मशीनचा आवाज, नीट ऐकू येत नव्हतं, आणि मला नीट ऐकायचंही नव्हतं. जाड मास्टर झिजून बारीक झाला तर पास होऊ शकतो, ही गोष्ट तर्काला धरून आहे. म्हणून ती पटकन तोंडात आली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. फोन ठेवला आणि विसरले. लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाची मुलगी मी, आणि चुकीचा मास्टर पास होतोय असं कुणीतरी कळवळून सांगत असताना मास्टरलाच खोटं ठरवून मोकळी झाले.

‘ह्या बाई म्हंजे कोण, त्ये काय मला ठाव नाय,’ ताई म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. फोनवरचा आवाज त्यांनी ओळखला नव्हता.

‘मीच होते,’ मी म्हणाले.

ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त डायरीसाठी हात पुढं केला. मी म्हणाले, ‘ताई, ही दहा मिनिटं माझ्याकडे राहू द्या. आणून देते.’ जरा विचार करून त्यांनी हात मागे घेतला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. दुसरा इलाज नव्हता.

मी परत वर गेले. क्वालिटीच्या साहेबांपुढं डायरी ठेवली आणि सगळं सांगितलं. दोन ओळी, औजाराची पिन, सतरा ठिकाणं, फोल्डरचं नाव, काल ते गुपचूप बदललं तेही, आणि तो फोन. साहेब बराच वेळ डायरीची पानं मागेपुढं करत होते. मग म्हणाले, ‘मॅडम, हे लिहून द्याल का?’ मी त्यांच्याच टेबलावरचा कागद घेतला आणि हाताने लिहिलं. सर खालून फोन करत होते. खाली येऊन डायरी ताईंच्या हातात दिली तेव्हा सर गाडीजवळ उभे होते. कुणीतरी वरून त्यांना आधीच कळवलं असावं. ‘तू खातेस कुणाचं आणि बाजू कुणाची घेतेस?’ एवढंच बोलले आणि मला तिथंच सोडून निघून गेले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या गाडीत बसत होते, याची किळस आली.

आमच्या सरांनी मला लगेच काढलं नाही, कारण त्या कारखान्याचा प्रोग्रॅम माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हता. साहेबांनी अट घातली होती की दुरुस्त करून द्या, तरच पुढचं काम. मी त्या दोन ओळी काढून टाकल्या. आता फाइल मिळाली नाही की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. लाल पडदा येतो आणि मराठीत लिहिलेलं असतं: सेटिंगची फाइल सापडली नाही, मोजणी करता येणार नाही. सर म्हणाले, ‘हे असं गिऱ्हाइकाला दिसणार?’ मी म्हणाले, ‘दिसणार.’ तो प्रोग्रॅम बसवून दिला की राजीनामा द्यायचा, हे तोपर्यंत माझं ठरलं होतं.

बसवायला गेले त्याच दिवशी ताईंचं गेट उघडणार होतं. मीच विचारून तो दिवस घेतला होता. गेटजवळ ठेकेदाराच्या क्लार्कची खोली आहे, तिथं त्या कागदावर सही करायला बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, नवं ओळखपत्र गळ्यात. क्लार्कने छापलेला कागद पुढं सरकवला. ताईंनी पेन उघडलं, कागद वाचला, आणि पेन तसंच हातात राहिलं.

‘ही तारीख कसली?’

कामावर लागल्याची तारीख, अशी चौकट होती. तीत त्या दिवसाची तारीख होती. आठ वर्षांपूर्वीची नव्हे, आजची.

‘मधे गेट बंद होतं ना तुमचं,’ क्लार्क म्हणाला. ‘जुनी एंट्री निघाली. नवीन भरली. तारीख मी नाही टाकली, ती सिस्टीम टाकते. जागा रिकामी असली की आजची घेते.’

ताई म्हणाल्या, ‘मला आठ वर्सं झाली इथं.’

‘मला माहीत आहे ना ताई. पण सिस्टीम मागची तारीख घेत नाही.’

कायम व्हायच्या यादीत नाव येतं ते त्या तारखेवरून. हे क्लार्कला माहीत होतं, ताईंना माहीत होतं, मलाही चार वेळा ऐकून माहीत होतं. खोलीत पंखा फिरत होता. कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी बसून एक ओळ लिहिली होती: नाही मिळालं तर हे घे, आणि कुणाला काही सांगू नको.

ताईंनी पेनाला टोपण लावलं. कागद मागे सरकवला. ‘मग माहीत नसंल तर रिकामं ठिवायचं. खोटं कशापायी भरायचं? तारीख नीट करा, मग सही.’ आणि भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. नऊ दिवस बाकावर बसून काढलेल्या बाईला आणखी एक दुपार काढणं जड नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. क्लार्कने दोनदा सांगितलं की सिस्टीम घेत नाही. तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी तो उठला आणि आतल्या कपाटातून जुनं रजिस्टर काढून आणलं. त्यात ताईंची आठ वर्षांपूर्वीची सही होती, तशीच एकेक अक्षर सुटं. त्याने छापलेली तारीख खोडली, हाताने जुनी लिहिली, वर शिक्का मारला. कंप्युटरात काय राहिलं, ते मला आजही माहीत नाही.

आम्ही दोघी टेबलाकडे चालत गेलो. मी नवा प्रोग्रॅम सुरू केला. ताईंनी मखमलीची डबी उघडली, आधी बरोबर मास्टर लावला, मग लाल टोकाचा. पडदा लाल झाला. त्यांनी डायरीत तारीख टाकली आणि लिहिलं. मग डायरी मिटता मिटता, माझ्याकडे न बघता विचारलं,

‘मॅडम, त्ये तारखेचं बी तुमीच केलेलं व्हतं का?’

‘नाही ताई,’ मी म्हणाले. ‘ते माझं नाही.’

‘व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘मग तुमच्यासारखंच कुणीतरी आसंल.’